पाकिस्तानातले ख्रिस्ती: कोण, कुठले, आणि वेळ त्यांच्यावरच का येते?

निर्मळकर

ऑगस्ट २०२३ मध्ये जडांवाल्याची बातमी आपल्याकडे दोन दिवस चालली आणि विषय संपला. पाकिस्तानी पंजाबातल्या फैसलाबाद जिल्ह्यातलं हे गाव. भगतसिंगांचं जन्मगाव बंगा याच तालुक्यात येतं. १६ ऑगस्टला सकाळी कुराणाच्या पानांची विटंबना झाल्याची आवई उठली, मशिदींच्या भोंग्यांवरून लोकांना जमायला सांगितलं गेलं, आणि संध्याकाळपर्यंत वीसहून जास्त चर्च आणि ऐंशीच्या वर घरं जाळली किंवा फोडली गेली. बायकापोरं घेऊन लोक उसाच्या शेतात रात्रभर लपले होते.

मी वसईचा, नोकरीला आखातात. आमच्या पॅरिशमध्ये (चर्चच्या धर्मग्रामात) उर्दूतून मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, होते. तिथं येणारे बहुतेक पाकिस्तानी पंजाबी. त्यांच्याशी ओळख वाढत गेली तसं लक्षात आलं की शेजारच्या देशातल्या या माणसांबद्दल आपल्याकडे मराठीत जवळजवळ काहीच लिहिलं जात नाही. म्हणून हा धागा.

आधी थोडक्यात ओळख. २०२३ च्या जनगणनेत पाकिस्तानात ख्रिस्ती ३३ लाखांच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या १.३७ टक्के. बहुसंख्य पंजाबात: लाहोर, फैसलाबाद, सियालकोट, गुजरांवाला. कराचीत बऱ्यापैकी, इस्लामाबादच्या कच्च्या वस्त्यांत काही. हे लोक इंग्रजांचे कोणी नव्हेत, बाहेरून आलेलेही नव्हेत. १८७३ साली सियालकोट जिल्ह्यात दित्त नावाच्या माणसानं बाप्तिस्मा घेतला. चूहडा जातीचा, कातडी खरेदी-विक्री करून पोट भरणारा, पायानं अधू. मिशनऱ्यांनी त्याला स्वतःजवळ ठेवून घ्यायची तयारी दाखवली, तर हा म्हणाला मी माझ्या गावीच जातो. गावात त्याचा छळ झाला, पण त्याच्या मागून आधी घरचे, मग भावकी, मग गावंच्या गावं आली. मिशनऱ्यांचा डोळा खरं तर वरच्या जातींवर होता. हे सगळं त्यांनी घडवलं नाही, त्यांच्या दारात येऊन उभं राहिलं.

आजच्या पाकिस्तानी ख्रिस्ती समाजातला मोठा भाग त्या लोकांचा वंशज आहे. झाडलोट, मैला, मेलेली गुरं आणि जमीनदाराच्या शेतावर वर्षानुवर्षं राबणं, ही त्यांची पूर्वीची कामं. माझं म्हणणं सरळ आहे: तिथला ख्रिस्ती माणूस धर्मानं अल्पसंख्य आहे हे सगळ्यांना दिसतं, पण त्याला मारणारा हात बऱ्याचदा जातीचा असतो.

वरदा_पौड_रोड

फार चांगला विषय. एक शंका: १९४७ मध्ये हिंदू-शीख इकडे आले. ख्रिस्ती का नाही आले?

निर्मळकर

वरदाताई, त्यांना पळवून लावायला कोणी आलं नाही आणि त्यांच्या नेत्यांनीही राहायचंच ठरवलं होतं. पंजाब विधानसभेचे तेव्हाचे सभापती दिवाणबहादूर एस. पी. सिंघा हे ख्रिस्ती. जून १९४७ मध्ये विधानसभेत मतदान झालं तेव्हा ख्रिस्ती सदस्यांनी पाकिस्तानच्या बाजूनं कौल दिला. हिंदू समाजात अस्पृश्यता भोगलेल्या लोकांना मुसलमानांच्या राज्यात एका ताटात जेवता येईल, ही आशा त्यामागे होती. जिनांचं ११ ऑगस्ट १९४७ चं भाषणही आठवा: तुम्ही तुमच्या देवळात, मशिदीत, कोणत्याही प्रार्थनास्थळी जायला मोकळे आहात, राज्यकारभाराचा त्याच्याशी संबंध नाही. पाकिस्तानी ख्रिस्ती हे भाषण आजही तोंडपाठ सांगतात. २००९ पासून ११ ऑगस्ट हा तिथं अल्पसंख्याक दिन म्हणून पाळतात.

पण फाळणीत त्यांची जी वाताहत झाली ती इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही. इंग्रजांनी कालवे काढून वसवलेल्या शेतीच्या वसाहतींत हे लोक बहुतेक शीख जमीनदारांकडे सालावर राबत. राहायची झोपडीही मालकाच्याच जागेत. शीख इकडे आले, त्यांच्या जमिनी पूर्व पंजाबातून आलेल्या मुसलमान निर्वासितांना मिळाल्या. नवा मालक लहान शेतकरी, स्वतःच नांगर धरणारा. त्याला गडी नको होता आणि झोपडीची जागा मात्र हवी होती. स्वतःची जमीन यांच्याकडे नव्हतीच, कारण १९०० च्या जमीन कायद्यानं ‘बिगरशेतकरी’ ठरलेल्या जातींना शेतजमीन विकत घेणं अवघड करून ठेवलं होतं. मग काय, कुटुंबंच्या कुटुंबं शहरांकडे निघाली. आणि शहरात झाडू मारणारे हिंदू निघून गेले होते, त्यामुळे तेवढं एक काम लगेच मिळत होतं.

मार्टिनपूर, खुशपूर, शांतीनगर अशी मिशननं जमीन मिळवून वसवलेली जी थोडी गावं होती, ती टिकली. शिकलेली पिढी बरीचशी तिथूनच आली. गावात स्वतःची जमीन असणं किती मोठी गोष्ट आहे हे त्यावरून कळतं.

लीना_म्हापसा

मला कराचीबद्दल लिहायचंय, कारण माझ्या शामायची (आजीची) बहीण लग्नानंतर तिथं गेली आणि तिथंच राहिली. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. मुंबईहून आगबोटीनं कराची गाठायची, कस्टम, बंदर, रेल्वे, तारखात्यात नोकरी धरायची, असं गोंयकारांचं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. कराचीच्या ‘सदर’ भागातल्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलभोवती सगळं जग. सेंट पॅट्रिक्स शाळा १८६१ ची, सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट पुढच्या वर्षीचं. गोवा असोसिएशनचा हॉल, नाच, नाटकं, हॉकी, सगळं होतं. आज ज्याला गार्डन ईस्ट म्हणतात ती वसाहत सिन्सिनाटस डिआब्रेओ या गोंयकारानं वसवली, तिचं नावही सिन्सिनाटस टाऊन होतं.

पाकिस्तानकडून कसोटी खेळलेला पहिला बिगरमुस्लिम क्रिकेटपटू वॉलिस मथायस हा कराचीचा गोंयकार. स्लिपमधला त्याचा हात जुने लोक अजून सांगतात. अँटाओ डिसोझा तर गोव्यात जन्मलेला. पाकिस्तानचे पहिले कार्डिनल जोसेफ कोर्देरो (१९७३) आमचेच, जन्म मुंबईचा.

म्हणून मला सगळं चित्र अत्याचाराचंच काढलेलं पटत नाही. ए. आर. कॉर्नेलियस हे कॅथलिक गृहस्थ १९६० ते १९६८ पाकिस्तानचे सरन्यायाधीश होते. सेसिल चौधरी १९६५ च्या युद्धात लढाऊ विमान चालवून सितारा-ए-जुर्रत हे शौर्यपदक मिळवून आले. डॉ. रूथ फाऊ या जर्मन सिस्टर १९६० साली कराचीत आल्या आणि त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी आयुष्य दिलं. २०१७ मध्ये त्या गेल्या तेव्हा शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. तिथल्या कितीतरी पंतप्रधानांनी, सेनाधिकाऱ्यांनी ख्रिस्ती शाळांतच अभ्यास केलाय. हेही त्याच देशात घडलं ना?

तळेगावचा_वकील

लीनाताईंचं सगळं खरं आहे, पण त्यांनी दिलेली बरीचशी नावं १९७० च्या आधीची आहेत. नंतर काय बदललं ते कायद्यात दिसतं.

१९७२ मध्ये भुट्टोंनी खासगी शाळा-कॉलेजं सरकारजमा केली. त्यात मिशनच्याही गेल्या. गरीब ख्रिस्ती मुलांच्या वर चढण्याची एकमेव शिडी काढून घेतली गेली. लाहोरचं फॉर्मन ख्रिश्चन कॉलेज परत मिळायला २००३ उजाडलं. १९७३ च्या घटनेनं राष्ट्रपती आणि पंतप्रधान मुसलमानच असतील असं ठरवलं. १९८५ मध्ये लष्करशहा झिया-उल-हक यांनी विभक्त मतदारसंघ आणले: ख्रिस्त्यांनी फक्त ख्रिस्ती उमेदवाराला मत द्यायचं. याचा परिणाम असा की गावातल्या आमदाराला ख्रिस्ती वस्तीत नळ द्यायचं काही कारणच उरलं नाही. मुशर्रफांनी ते २००२ मध्ये रद्द केलं. आता राष्ट्रीय सभेत बिगरमुस्लिमांसाठी दहा राखीव जागा आहेत, त्या पक्ष आपल्या यादीतून भरतात. म्हणजे तो सदस्य पक्षाचा, वस्तीचा नाही.

आता मुख्य गोष्ट, ईशनिंदेचं कलम. इंग्रजांनी १९२७ मध्ये २९५-अ आणलं, ते आपल्याकडेही होतं आणि पुढे भारतीय न्याय संहितेतही तशीच तरतूद राहिली. त्यात ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं’ ही अट आहे. झियांच्या काळात १९८२ मध्ये २९५-ब (कुराणाची विटंबना, जन्मठेप) आणि १९८६ मध्ये २९५-क (पैगंबरांचा अवमान, देहदंड) आलं. २९५-क मध्ये हेतूची अट नाही. शब्दानं, खुणेनं, सूचकपणे, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, काहीही चालतं. खटला मुसलमान न्यायाधीशापुढेच चालवायचा. आता व्यवहारात बघा. साक्षीदारानं ते शब्द कोर्टात पुन्हा उच्चारले तर तीही निंदा होईल या भीतीनं पुरावाच नीट नोंदला जात नाही. खालचा न्यायाधीश सोडायला धजत नाही. १९९५ मध्ये दोन ख्रिस्ती आरोपींना निर्दोष ठरवणारे लाहोर हायकोर्टाचे न्या. आरिफ इक्बाल भट्टी यांचा १९९७ मध्ये त्यांच्याच कचेरीत खून झाला. मुलतानचे वकील राशिद रहमान यांना २०१४ मध्ये गोळ्या घातल्या, तेही एका मुसलमान प्राध्यापकाचा खटला चालवत होते म्हणून.

या कलमाखाली पाकिस्ताननं आजवर कुणालाही प्रत्यक्ष फाशी दिलेली नाही. लोक मेले ते जमावाच्या हातून, कोठडीत, नाहीतर सुटून आल्यावर. आरोप झाला की निकाल लागायच्या आधीच घर, गाव, रोजगार संपतो.

सह्याद्रीपुत्र

हे वाचून इथल्या अल्पसंख्याकांनी आपण किती सुखात आहोत ते समजून घ्यावं.

निर्मळकर

सह्याद्रीपुत्र, हा धागा त्यासाठी काढलेला नाही, आणि मी स्वतः त्या इथल्या अल्पसंख्याकांपैकीच आहे. जडांवाल्यात जिचं घर जळलं ती बाई इथं कुणाचं तोंड बंद करायला वापरू नका, एवढीच हात जोडून विनंती. तिच्याबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

सह्याद्रीपुत्र

ठीक. मग विचारतो. वकीलसाहेबांच्या म्हणण्यावरून वाटतं की कलम सगळ्यांनाच लागू आहे. आरोपींत मुसलमानही असणार. मग ख्रिस्त्यांचं वेगळं काय?

तळेगावचा_वकील

योग्य प्रश्न. आरोपींची संख्या मोजली तर मुसलमान सर्वांत जास्त आहेत, अहमदी (तिथल्या कायद्यानं बिगरमुस्लिम ठरवलेला पंथ) बरेच आहेत. पण ३३ लाखांच्या समाजाच्या मानानं ख्रिस्ती आरोपींचं प्रमाण फार मोठं आहे. दुसरं म्हणजे मुसलमान आरोपी असला तर एका माणसावर बेततं. ख्रिस्ती असला की अख्खी वस्ती पेटते. शांतीनगर, फेब्रुवारी १९९७. गोजरा, ऑगस्ट २००९, माणसं जिवंत जळाली. लाहोरची जोसेफ कॉलनी, मार्च २०१३, शंभरावर घरं. मग जडांवाला. बऱ्याच प्रकरणांच्या मुळाशी जमिनीचा, पैशाचा किंवा शेजाऱ्यांमधला तंटा निघतो.

शेवगावकर

मी नगर जिल्ह्यातला, आजोबांच्या आजोबांच्या काळात अमेरिकन मराठी मिशनमध्ये आलेल्या घरातला. महारवाड्यातून चर्चमध्ये आलो असं उघड सांगतो, म्हणून निर्मळकरांचा मुद्दा मला लगेच कळला.

आसिया बीबी या ख्रिस्ती शेतमजूर बाईची केस नीट वाचा. जून २००९, शेखूपुरा जिल्ह्यातलं इट्टांवाली. शेतात फालसे तोडायला गेलेल्या बायका. कडक ऊन. आसियानं विहिरीवरून पाणी आणलं, त्याच भांड्यातून आधी स्वतः प्यायली. बाकीच्या म्हणाल्या, तुझ्या हातचं पाणी आम्हाला चालत नाही. तिथून शब्दाला शब्द वाढला, आणि काही दिवसांनी त्याची ईशनिंदा झाली. २०१० मध्ये फाशीची शिक्षा. ३१ ऑक्टोबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं निर्दोष सोडलं, मे २०१९ मध्ये ती कॅनडाला गेली. तिची बाजू घेतली म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना ४ जानेवारी २०११ ला त्यांच्याच अंगरक्षकानं मारलं. आणि २ मार्चला मंत्रिमंडळातले एकमेव ख्रिस्ती मंत्री शाहबाज भट्टी यांना बंदूकधाऱ्यांनी. दोन मोठी माणसं गेली, देश हादरला, आणि सुरुवात कुठून? पाण्याच्या भांड्यावरून. चवदार तळ्याच्या महाराष्ट्रातल्या माणसाला ही ईशनिंदेची केस आहे असं सांगून कसं पटेल?

इस्लाममध्ये हा विटाळ नाही हे तिथले कितीतरी मौलवीही सांगतात. पण चहाच्या टपरीवर ख्रिस्ती माणसाचा कप वेगळा असतो. सफाई कामगारांच्या सरकारी जाहिराती ‘फक्त बिगरमुस्लिमांसाठी’ अशा छापून आल्या आहेत. लोकसंख्येत दीडही टक्का नाहीत आणि लाहोर-कराचीच्या गटारांत उतरणाऱ्यांत बहुसंख्य ते. विषारी वायूनं मरतात तेही तेच. केंद्र सरकारी नोकऱ्यांत अल्पसंख्याकांसाठी ५ टक्के आरक्षण २००९ पासून आहे, पण शिक्षणच नसल्यानं भरली जातात ती खालचीच पदं.

आणि लीनाताई, तुमच्याशी भांडायचं नाही, पण विचारतो. सेंट पॅट्रिक्ससारख्या शाळांत पंतप्रधानांची मुलं शिकली. त्याच शाळांच्या फाटकाबाहेर झाडू मारणाऱ्या पंजाबी ख्रिस्त्यांची किती शिकली?

लीना_म्हापसा

शेवगावकर, प्रश्न बरोबर आहे आणि उत्तर सुखाचं नाही. कराचीत गोंयकार आणि पंजाबी एकाच कॅथेड्रलमध्ये मिस्साला यायचे, पण बाक वेगळे, मिस्सा वेगळी, एक इंग्लिश, एक उर्दू. लग्नं जुळत नसत. आमच्या लोकांनी त्यांना आपलं मानलं नाही. सिस्टर आणि फादर लोकांनी उर्दू माध्यमाच्या शाळा काढल्या, रात्रशाळा काढल्या, पण इंग्लिश शाळेची पायरी ती पोरं क्वचितच चढली. पुढे सत्तरच्या दशकापासून गोंयकार कॅनडा-ऑस्ट्रेलियाला निघून गेले आणि कराचीचं चर्च आज खऱ्या अर्थानं त्या पंजाबी लोकांनीच उभं ठेवलंय. शामायच्या बहिणीच्या अंत्यविधीला खांदा देणारे निम्मे त्यांच्यातले होते असं तिच्या मुलीनं कळवलं होतं.

वरदा_पौड_रोड

धागा वाचून सुन्न व्हायला होतंय. पण रोजचं आयुष्य कसं असतं? सण, शाळा, लग्न?

निर्मळकर

माझ्या इथल्या एका मित्राकडून ऐकलेलं आणि मी वाचलेलं मिळून सांगतो. तो फैसलाबादकडचा, इथं वेल्डर आहे.

नाताळला ते ‘बडा दिन’ म्हणतात. २५ डिसेंबरला देशभर सुट्टी असते, पण ती जिनांच्या जयंतीची. वस्तीत आठवडाभर आधीपासून तारे लागतात, तरुण पोरं ढोलकी-बाजा घेऊन घरोघर गात फिरतात, मुसलमान शेजारी केक घेऊन येतात. हे आवर्जून लिहितोय, कारण जडांवाल्यातही काही मुसलमान घरांनी ख्रिस्ती शेजाऱ्यांना लपवलं होतं. सप्टेंबरात मरियमाबादला मारिया मातेची मोठी यात्रा भरते. लोक पायी, सायकलवर, लाहोरहून चालत जातात. नवस बोलायला मुसलमान बायकाही येतात. आमच्या वसईच्या मंडळींना ते चित्र लगेच ओळखीचं वाटेल.

मात्र चर्चच्या फाटकावर बंदूकधारी पोलीस, धातुशोधक कमान आणि उंच भिंत हे आता नेहमीचं झालंय. पेशावरच्या ऑल सेंट्समध्ये २२ सप्टेंबर २०१३ ला उपासनेनंतर लोक अंगणात जेवण घेत असताना दोन आत्मघाती स्फोट झाले, ऐंशीहून जास्त गेले. त्यानंतर सरन्यायाधीश तसद्दुक जिलानींनी जून २०१४ मध्ये अल्पसंख्याकांच्या हक्कांवर फार चांगला निकाल दिला. त्याची अंमलबजावणी अजून रखडलेली आहे. १५ मार्च २०१५ ला लाहोरच्या यूहन्नाबादमध्ये दोन चर्चवर हल्ला झाला. तिथं फाटकावर स्वयंसेवक म्हणून उभा असलेला आकाश बशीर हा वीस वर्षांचा मुलगा हल्लेखोराला मिठी मारून थांबला. आत शेकडो माणसं होती. कॅथलिक चर्चनं त्याला संतपदाच्या वाटेवरची पहिली पायरी दिली आहे. त्याच दिवशी संतापलेल्या ख्रिस्ती जमावानं दोन निरपराध मुसलमानांना ठार मारून जाळलं, हेही लिहायलाच हवं. त्या खटल्यात चाळीसच्या आसपास ख्रिस्ती वर्षानुवर्षं आत होते.

शाळेत इस्लामियत विषयाला पर्याय म्हणून नीतिशास्त्र असतं, पण ते शिकवायला शिक्षक नसतो, म्हणून मुलं इस्लामियतच घेतात. मित्राची मुलगी त्यात वर्गात पहिली आली होती.

सगळ्यात मोठी धास्ती मुलींची. तेरा-चौदा वर्षांची मुलगी नाहीशी होते, आणि नंतर तिनं धर्म बदलून निकाह केल्याचा कागद पोलिसात हजर होतो. सिंधमध्ये २०१३ पासून लग्नाचं वय अठरा आहे, तरी हे घडतं. ख्रिस्ती लग्नांसाठी अजून १८७२ चा इंग्रजी कायदाच चालतो. मुलींचं वय त्यात तेरा होतं, ते वाढवून अठरा केलं ते २०२४ मध्ये. यासाठी तिथल्या चर्चनं आणि बायकांनी बरीच वर्षं झगडा दिला.

तळेगावचा_वकील

ईशनिंदेच्या खटल्यांच्या संदर्भात बिशप जॉन जोसेफ यांचं नाव राहू नये. फैसलाबादचे बिशप, शाहबाज भट्टींच्याच खुशपूरचे. अयूब मसीहला फाशी सुनावली तेव्हा ६ मे १९९८ ला साहिवालच्या कोर्टाबाहेर त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. अयूब मसीहला सुप्रीम कोर्टानं २००२ मध्ये सोडलं. त्याच्या घराण्याच्या जमिनीवर फिर्यादीचा डोळा होता, हे तिथं मांडलं गेलं.

सह्याद्रीपुत्र

निर्मळकर, तुम्ही तर मुस्लिम देशातच राहता. तिथं कसं?

निर्मळकर

आम्ही तिथं पाहुणे आहोत. शेखनं दिलेल्या जागेवर चर्च, आवाज कुंपणाच्या आत, करार संपला की घरी. त्या चौकटीत कुणी त्रास देत नाही, आणि मी त्याबद्दल कृतज्ञ आहे. सौदीत तर चर्चच नाही, तरी तिथला माणूस सुट्टीला वसईत येऊन मोकळा श्वास घेतो. माझ्या मित्राला सुट्टी म्हणजे त्याच वस्तीत परत जाणं. त्याचा देशच तो आहे. त्याच्या आजोबांनी तो निवडला होता.

शेवगावकर

एक शेवटचं विचारायचं होतं. आमच्याकडे रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं, कीर्तन, टाळ-मृदंग उपासनेत आले आणि चर्च आमचं झालं. तिकडे असं काही आहे का?

निर्मळकर

आहे, आणि तुम्हाला फार आवडेल. पाद्री इमामुद्दीन शाहबाज यांनी स्तोत्रसंहितेतली स्तोत्रं पंजाबी पद्यात आणली. काम चालू असतानाच त्यांची दृष्टी गेली, तरी ते पूर्ण केलं. त्यांना देशी रागांच्या चाली लावल्या. त्यांना ‘जबूर’ म्हणतात. कॅथलिक, प्रेस्बिटेरियन, साल्व्हेशन आर्मी, सगळे तेच गातात, अक्षरओळख नसलेल्या बाईलाही वीसेक पाठ असतात. सियालकोटच्या अधिवेशनात १९०४ पासून हजारो माणसं एकत्र गात आली आहेत. ‘रब्ब खुदावंद बादशाह है’ हे चोविसावं स्तोत्र यूट्यूबवर शोधा. वाजापेटी आणि तबल्यावरचं जुनं रेकॉर्डिंग घ्या, सिंथेसायझरवालं नको.

शेवगावकर

ऐकलं. रविवारी आमच्या तरुण संघाला ऐकवतो. आमच्या पेटीवाल्या पोरानं आत्ताच चाल उतरवून घ्यायला सुरुवात केलीय. पंजाबी शब्दांचे अर्थ तेवढे तुमच्या मित्राकडून लिहून पाठवा.